रंगमंचावरील मूल आणि आपला कॅमेरा

गणेश चतुर्थी आटोपली की या पानाकडे छायाचित्रांचा ओघ सुरू होतो. शिवजयंती, महाराष्ट्र दिन आणि नाट्यस्पर्धा यांच्यानंतरही तोच अनुभव येतो. पूर्वी छायाचित्रे पाकिटातून येत, आता फोनवरून येतात, एवढाच फरक. कास्कावेलहून येतात, वाक्वाहून येतात, कात्र-बोर्न आणि शमें-ग्रेनिएहून येतात. सोबत प्रेमाने लिहिलेल्या चार ओळी असतात: आमच्या मुलीने झाकरीत भाग घेतला, आमचा नातू बाल शिवाजी झाला होता, कृपया पानावर जागा द्यावी.

जागा द्यायची आमची इच्छा असते. पण दहांतली सात-आठ छायाचित्रे आम्हाला बाजूला ठेवावी लागतात. काहींत काळोखात एक लाल डाग दिसतो. तो फेटा आहे हे सोबतची ओळ वाचल्यावर कळते. काहींत मुलाला तीन हात आणि दोन नाके असतात, कारण चित्र हललेले असते. काहींत पुढच्या रांगेतील काकांचे टक्कल चंद्रासारखे झळकते आणि त्यापलीकडे सगळी अमावास्या. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते, त्यामुळे पडद्यावर जरासे काळपट दिसणारे चित्र छापल्यावर पार काळे होऊन जाते. मग त्या घरी निराशा होते आणि कधीकधी रागही येतो. तो राग आम्हाला समजतो. म्हणून आज एरवीचे विषय बाजूला ठेवून याच विषयावर लिहीत आहोत. विषय कॅमेऱ्याचा आहे. पण वाचकहो, तो शेवटी मुलाचा आहे.

सभागृहात छायाचित्र बिघडते ते प्रथम उजेडाच्या अभावामुळे. माणसाचा डोळा फार सोशीक आहे. दुपारच्या उन्हातून सभागृहात आले तरी थोड्या वेळात त्याला सगळे दिसू लागते, आणि त्यामुळे रंगमंच चांगला उजळलेला आहे असा आपला समज होतो. वस्तुतः भर दुपारच्या उन्हात सुमारे १ लाख लक्स इतका उजेड असतो, तर गावातील सभागृहाच्या रंगमंचावर फार तर काही शेकडे. कॅमेऱ्याला हा फरक पुरता जाणवतो. समुद्रकिनाऱ्यावर ज्या कॅमेऱ्याने सुरेख चित्रे दिली, त्याच कॅमेऱ्याने संध्याकाळी सभागृहात दगा दिला, अशी तक्रार आपण करतो; पण त्याच्याकडे जितका उजेड आला त्याच्या हिशेबानेच तो वागला.

उजेड कमी पडला की कॅमेऱ्याजवळ तीन उपाय असतात. पहिला, भिंगाचे तोंड मोठे करणे. दुसरा, शटर जास्त वेळ उघडे ठेवणे. तिसरा, उजेड टिपणाऱ्या पट्टीची संवेदनशीलता, म्हणजे आयएसओचा आकडा, वाढवणे. प्रत्येक उपायाची काही किंमत मोजावी लागते. भिंगाचे तोंड मोठे केले की थोडासाच भाग स्पष्ट येतो, मागचे-पुढचे पुसट होते. शटर उशिरा मिटले की हलणारे मूल चित्रात पसरते. आयएसओ वाढवला की चित्रावर रांगोळी विस्कटल्यासारखे दाणे दिसू लागतात. घरखर्चाप्रमाणे इथेही एकीकडे वाढवले की दुसरीकडे काटकसर करावी लागते. कोणत्या बाजूने काटकसर करायची हे आपण ठरवले नाही, तर यंत्र आपल्या मनाने ठरवते, आणि त्याला आपली मुलगी कोणती आणि मागचा पडदा कोणता हे ठाऊक नसते.

चौथा उपाय म्हणून बहुतेक जण फ्लॅश वापरतात. त्याबद्दल जरा विस्ताराने सांगितले पाहिजे. दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो हे आपण शाळेत शिकलो आहोत. समजा, आपण पाचव्या-सहाव्या रांगेत बसलो आहोत. आपल्यापासून २ मीटरवर कुणाचे तरी डोके आहे आणि ८ मीटरवर आपले मूल आहे. अंतर ४ पट झाले, म्हणून मुलापर्यंत त्या डोक्याच्या १६ पट कमी उजेड पोहोचतो. फोनवरचा छोटा दिवा तर दोन-तीन मीटरच्या पलीकडे जवळजवळ निकामीच असतो. वरील काकांच्या टक्कलाचे रहस्य एवढेच आहे.

आणि समजा आपण पहिल्या रांगेत आहोत, फ्लॅश पोहोचतो आहे, तरी त्याने काय साधते? दिग्दर्शकाने संध्याकाळचा निळसर प्रकाश दिलेला असतो, बाजूने मशालीचा पिवळा उजेड सोडलेला असतो. फ्लॅशचा पांढरा झोत ते सगळे एका क्षणात धुऊन टाकतो. चेहरा पिठासारखा सपाट होतो, मागच्या पुठ्ठ्याच्या किल्ल्यावर मुलाची काळी सावली पडते आणि रायगडाच्या जागी पुठ्ठाच दिसतो. चित्र मिळते, पण आपण जे पाहायला गेलो होतो त्याचे ते चित्र नसते.

फ्लॅशचे एवढेच दोष असते तर आम्ही हा लेख लिहिला नसता. पुढची गोष्ट सांगताना संपादकीय ‘आम्ही’ बाजूला ठेवते, कारण चूक माझी एकटीची होती.

माझी मुलगी आठ वर्षांची असताना मंडळाच्या बालनाट्यात हिरकणी झाली होती. रायगडावर दूध घालायला आलेली ती गवळण, संध्याकाळी दरवाजे बंद झाले म्हणून घरच्या तान्ह्या बाळासाठी कडा उतरून गेली, ही कथा आपल्याकडे आज्यांनी सांगून जिवंत ठेवली आहे. आमच्या घरी, बहुतेक घरांप्रमाणेच, जेवताना-भांडताना क्रिओल चालते. मुलीने मराठी संवाद तीन आठवडे आजीच्या गुडघ्याला टेकून पाठ केले होते. ‘दरवाजा उघडा हो, माझं बाळ घरी एकटं आहे,’ या एका वाक्यासाठी आजीने तिला किती वेळा थांबवले असेल! ‘ळ’ नीट येईपर्यंत सोडले नाही.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मी दुसऱ्या रांगेत होते. शेजारी आजी. माझ्या हातात नवा कॅमेरा होता आणि त्याची चकती मी सगळे काही आपोआप करणाऱ्या खुणेवर ठेवली होती. सूर्यास्ताचा प्रसंग आला, दिवे मंद झाले, रंगमंचावर फक्त निळा उजेड उरला. मुलगी दरवाजापाशी आली, तिने हात वर केले. हाच तो क्षण, असे म्हणून मी बटण दाबले. कॅमेऱ्याला अंधार दिसला आणि त्याने स्वतःहून फ्लॅश टाकला.

मुलगी थांबली. तिने हात डोळ्यांवर नेला. ‘दरवाजा उघडा हो,’ एवढे झाले आणि पुढचे गेले. सभागृह गप्प झाले. प्रॉम्प्टरने विंगेतून शब्द टाकला, तो तिला ऐकू गेला नाही. ती प्रेक्षकांत कुणाला तरी शोधू लागली. आईला शोधत असणार. पण आईच्या चेहऱ्याच्या जागी काळे भिंग होते. मग माझ्या शेजारी बसलेल्या आजीने जागेवरूनच, घरी सांगायची त्याच आवाजात सांगितले, ‘माझं बाळ...’ मुलीने आजीकडे पाहिले आणि वाक्य पुरे केले. लोकांनी टाळ्या दिल्या. नाटक पार पडले.

घरी परतताना गाडीत तिने विचारले, ‘आई, मी कडा उतरले ते तू पाहिलंस का?’ मी म्हणाले, ‘हो, सगळं कॅमेऱ्यात आहे.’ तिने पुन्हा विचारले नाही. खरे सांगायचे तर तो प्रसंग मी पाहिला नव्हता. त्या वेळी मी मान खाली घालून फ्लॅश बंद कसा करायचा ते शोधत होते.

ते चित्र आजही माझ्याजवळ आहे. पिठासारखा पांढरा चेहरा, डोळ्यांवर हात, मागे पुठ्ठ्यावर सावली. इतकी वर्षे मुलांना शिकवते आहे, मुलांची नाटके बसवते आहे. प्रशिक्षणाच्या काळात आम्हाला पहिल्याच सत्रात शिकवले होते की वर्गासमोर उभे राहून बोलणाऱ्या मुलाला समोर एक तरी ओळखीचा चेहरा हवा असतो. ते मला पाठ होते, पण त्या संध्याकाळी पहिल्यांदा समजले.

आता पुन्हा मूळ विषयाकडे येऊ. छायाचित्रे काढूच नका, असे आमचे म्हणणे नाही. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या घरचा मुलगा फ्रान्सला किंवा कॅनडाला गेला आहे, जिथे आजोबा अंथरुणाला खिळले आहेत, तिथे नातवंडाचे एक चित्र पोहोचणे ही मोठी गोष्ट आहे. आमचे म्हणणे इतकेच की चित्र काढण्याची वेळ आणि नाटक पाहण्याची वेळ या दोन वेगळ्या वेळा आहेत, आणि दोन्हींची सोय करता येते.

सर्वांत चांगली वेळ म्हणजे रंगीत तालीम. त्या दिवशी वेशभूषा तीच असते, दिवे तेच असतात, पडदा तोच असतो आणि समोरच्या खुर्च्या रिकाम्या असतात. रंगमंचाच्या अगदी कडेपर्यंत जाता येते. दिग्दर्शक परवानगी देत असेल तर एखादा प्रसंग थांबवून पुन्हा करून घेता येतो. आम्ही वर ज्या चुका सांगितल्या, त्या करायच्याच असतील तर तिथे कराव्यात. दुसरी चांगली वेळ म्हणजे नाटक संपल्यावरची पाच मिनिटे. पडदा पुन्हा उघडावा, सगळे दिवे पूर्ण लावावेत, मुलांना ओळीने उभे करावे, आणि मग सर्व आई-बाबांनी, काका-मावशींनी मनसोक्त चित्रे घ्यावीत.

तरीही काहींना प्रयोगाच्या वेळी एक-दोन चित्रे हवीच असतात. त्यांच्यासाठी काही व्यावहारिक सूचना देत आहोत. त्या आमच्या चुकांतून आलेल्या आहेत.

पहिली सूचना म्हणजे फ्लॅश घरूनच बंद करून यावे. अनेक कॅमेऱ्यांत अंधारात अंतर मोजण्यासाठी एक तांबडा किंवा हिरवट दिवा लागतो, तोही बंद करावा. बटणाचा आवाज बंद करावा. फोनच्या पडद्याचा उजेड अगदी कमी करावा, कारण अंधारात तो उजेड मागच्या तीन रांगांच्या डोळ्यांत जातो. आणि भिंग पुसून घ्यावे. मध्यंतरात गातो-पिमां खाल्लेल्या बोटांनी धरलेल्या फोनच्या भिंगावर तेलाचा थर बसतो, आणि रंगमंचावरच्या प्रत्येक दिव्याभोवती धुके दिसते. कित्येक वेळा कॅमेरा खराब नसतो, काच तेलकट असते.

दुसरी सूचना जागेची. लवकर या आणि पुढे, पण एका बाजूला बसा. बाजूने चेहरा चांगला दिसतो, ध्वनिवर्धकाचा खांब मध्ये येत नाही, आणि आपण हात वर केला तरी कुणाच्या पाहण्यात अडथळा होत नाही. फोनवर दोन बोटांनी ओढून मुलाला जवळ आणले म्हणजे बहुधा आपण जवळ जात नाही. चित्राचा तेवढा तुकडा कापून मोठा केला जातो आणि दाणे वाढतात. मागच्या रांगेतून काढलेल्या चित्राला कोणताही उपाय नाही.

तिसरी सूचना ज्यांच्याजवळ वेगळ्या भिंगाचा कॅमेरा आहे त्यांच्यासाठी. साध्या सभागृहात सुरुवात म्हणून आयएसओ १६००, भिंग एफ २.८ आणि शटर १/१२५ सेकंद असे ठेवून पाहावे. कॅमेऱ्यासोबत मिळणारे साधे झूम भिंग दूरचे ओढताना बहुधा एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. तिथे एफ २.८ च्या चौथा हिस्साच उजेड आत येतो, आणि शटर १/३० वर आणावे लागते; नाचणारे मूल त्यात टिकत नाही. म्हणून हौस असेल तर ५० मिलिमीटरचे एफ १.८ चे भिंग घ्यावे. ते लहान असते, त्यातल्या त्यात स्वस्त असते, आणि एफ ५.६ पेक्षा ९ ते १० पट उजेड आत घेते. उजेड फारच कमी असेल तर आयएसओ ३२०० किंवा त्याहून वर न्यावा. दाणेदार चित्र पाहवते. हललेले पाहवत नाही.

चौथी सूचना फोनवाल्यांसाठी. रात्रीच्या चित्रासाठी फोनमध्ये जी खास सोय असते, ती एकामागून एक अनेक चित्रे घेऊन ती एकत्र करते. त्याला एक-दोन सेकंद किंवा जास्तही लागतात. गाभाऱ्यातील गणपतीसाठी ती उत्तम आहे, कारण मूर्ती हलत नाही. झाकरी नाचणाऱ्या मुलासाठी ती बंद ठेवावी. पडद्यावर मुलाच्या चेहऱ्यावर बोट टेकवावे, आणि मग चित्राचा उजेड जरा कमी करावा. हे उलटे वाटेल. पण मागचा पडदा काळा असतो, म्हणून यंत्र सगळेच चित्र उजळवू पाहते आणि चेहरा पांढरा फटक करून टाकते. उजेड थोडा उतरवला की नाकडोळे परत दिसू लागतात.

पाचवी सूचना पट्ट्यांबद्दल. ‘चित्रात आडव्या काळ्या पट्ट्या येतात,’ असे अनेकांनी कळवले आहे. आपल्या बेटावर विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. जुन्या ट्यूबलाइट आणि पुष्कळ साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते दिसत नाही, वेगवान शटरला दिसते. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवले तर पट्ट्या बहुधा जातात.

आणि सहावी, जी यंत्राची मुळीच नाही. प्रत्येक नाचात आणि नाटकात एक स्थिर क्षण असतो. तो ओळखायला शिका. झाकरीत मुले गोल फिरतात. म्हणजे आपले मूल प्रत्येक फेऱ्यात एकदा प्रेक्षकांसमोर येणारच. पहिले दोन फेरे नुसते पाहा, पावले मोजा, तिसऱ्या फेऱ्यात ते समोर येईल तेव्हा बटण दाबा. लेझीम वर गेली की क्षणभर थांबते. संवाद संपला की बोलणारा एक श्वास घेतो. शटर १/६० वर असले तरी अशा क्षणी चित्र स्पष्ट येते. तीस आंधळ्या चित्रांपेक्षा असे एक बरे. आमच्या लहानपणी फिल्मच्या रोळात २४ किंवा ३६ चित्रे असत, त्यांत चतुर्थीपासून दिवाळीपर्यंत भागवायचे असे. गावच्या साल-व्हेर्तखाली, ताडपत्रीला बांधलेल्या एका ट्यूबलाइटच्या उजेडात, वडील मंडळी आख्ख्या कार्यक्रमात एकच चित्र घेत, आणि ते घेण्यापूर्वी खूप वेळ पाहत बसत.

पाहण्याचा आणि लक्षात राहण्याचा संबंध आता संशोधकांनीही तपासला आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना एका कलासंग्रहालयातून फिरवले. काही वस्तूंची छायाचित्रे घ्यायला आणि काही नुसत्या पाहायला सांगितले. दुसऱ्या दिवशी, ज्या वस्तूंची पूर्ण छायाचित्रे घेतली होती त्यांच्याबद्दल त्यांना कमी आठवले. मात्र ज्यांनी वस्तूच्या एका भागावर जवळून लक्ष दिले आणि तेवढ्याचेच चित्र घेतले, त्यांची आठवण कमी झाली नाही. कॅमेरा सगळे सांभाळील असे मानून आपण मन मोकळे सोडतो, तिथे आठवण हरवते. मन लावून घेतलेले एक चित्र आठवणीच्या आड येत नाही.

दोष केवळ पालकांचा नाही. मंडळांनाही चार शब्द सांगितले पाहिजेत. आपल्या अनेक कार्यक्रमांत रंगमंचावर डोक्यावरच्या दिव्यांशिवाय समोरून उजेडच नसतो. त्यात मुलाच्या डोक्यावर फेटा किंवा मावळ्याची पगडी असली की तिची सावली थेट डोळ्यांवर पडते, आणि सभागृहातील आजीलाही नातवाचे डोळे दिसत नाहीत. कॅमेऱ्याचे तर बोलायलाच नको. नाट्यप्रकाशयोजनेचे अमेरिकन अध्यापक स्टॅन्ली मॅककँडलेस यांनी १९३२ मध्ये आपल्या पुस्तकात सांगितलेली पद्धत आजही जगभर शिकवली जाते: नटाच्या समोर डाव्या आणि उजव्या बाजूंनी, सुमारे ४५ अंशांच्या कोनातून, एक-एक दिवा असावा, एक थोडा उबदार रंगाचा आणि एक थोडा थंड. यासाठी मोठे नाट्यगृह लागत नाही. दोन चांगले दिवे, दोन खांब आणि नीट बांधलेली तार पुरते. नुसता लाल दिवा तर मुलांच्या चेहऱ्यावर कधीच सोडू नये. कॅमेऱ्यात त्या चेहऱ्याचा नाकडोळे नसलेला लाल गोळा होतो.

याशिवाय मंडळांनी तीन गोष्टी ठरवाव्यात, अशी आमची विनंती आहे. एक, कार्यक्रमासाठी एकाच जाणकार व्यक्तीला छायाचित्रणाचे काम द्यावे. तिने फ्लॅश न वापरता, काळे कपडे घालून, एका कडेने काम करावे, आणि चित्रे सर्व पालकांना मिळावीत. दोन, रंगीत तालमीला पालकांना कॅमेऱ्यासह बोलवावे. तीन, प्रयोग सुरू होण्यापूर्वी निवेदकाने नम्रपणे सांगावे की आता फोन खाली ठेवावेत, शेवटी चित्रांसाठी वेळ दिला जाईल. आणि ते वचन पाळावे. वेळ दिला नाही तर पुढच्या वर्षी कुणी ऐकणार नाही. दुसऱ्याच्या मुलाचे चित्र त्या घरच्यांना विचारल्याशिवाय चार ठिकाणी पाठवू नये, हेही याच वेळी सांगावे.

एवढ्या लहानशा गोष्टीचा इतका विचार का करायचा, असे कुणी म्हणेल. त्यांना मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या अभिलेखागाराची आठवण करून द्यावीशी वाटते. १८६७ च्या कायद्यानंतर करार संपलेल्या मजुरांना, ज्यांना सरकार ‘जुने स्थलांतरित’ म्हणत असे, स्वतःचे छायाचित्र लावलेले तिकीट बाळगणे भाग होते. अशी कित्येक छायाचित्रे त्या संस्थेत जपलेली आहेत. कोकणातून मुंबई बंदरामार्गे आलेल्या आपल्या माणसांपैकी अनेकांची पहिली छायाचित्रे अशीच सरकारी हुकमाने निघाली. ते चेहरे पाहिले आहेत का? ते ताठ बसलेले आहेत. भिंगापलीकडे त्यांचे कुणी नव्हते.

आपल्या मुलांचे तसे नाही. भिंगापलीकडे त्यांचे सगळे गणगोत बसलेले असते. वर्षभर जे मूल मराठी फक्त तासापुरती ऐकते, ते त्या संध्याकाळी भरल्या सभागृहात आपल्या पणजोबांच्या भाषेत बोलते. त्यासाठी किती धैर्य लागते हे रोज वर्गात पाहतो म्हणून आम्ही सांगतो. तेव्हा ते ज्यांच्यासाठी बोलते त्यांचे चेहरे त्याला दिसू द्यावेत.

हिरकणीनंतरच्या वर्षी मुलीला गवळणींच्या नाचात मागच्या रांगेत जागा मिळाली. मी रंगीत तालमीला जाऊन चित्रे घेतली. त्यांतले एक आजीच्या खोलीत लावले आहे. कार्यक्रमाच्या दिवशी कॅमेरा घरी ठेवला आणि हात मांडीवर ठेवून बसले. पहिल्या फेऱ्यात मुलगी समोर आली, तिची नजर रांगेवरून फिरली आणि माझ्यावर थांबली. ती हसली आणि पाऊल चुकली. मग सावरली. त्याचे चित्र कुणाजवळही नाही. पण आता तिने विचारले की तू पाहिलंस का, तर मला पाऊल कोणते चुकले तेसुद्धा सांगता येते.

पुढील गणेशोत्सवाची तयारी सुरू झाली की मंडळांनी तालमीच्या तारखांबरोबर छायाचित्रणाची तारीखही ठरवावी. रंगीत तालमीला घेतलेली चांगली चित्रे या पानाकडे पाठवावीत. सोबत गावाचे नाव, कार्यक्रमाचे नाव, तारीख आणि मुलांची नावे डावीकडून उजवीकडे या क्रमाने लिहावीत, आणि त्यांच्या पालकांची संमती असल्याचे कळवावे. अशा चित्रांना आम्ही आनंदाने जागा देऊ.